अर्ध्या बत्तिशीचा कारागीर

त्यांना सगळे 'वरचे' म्हणत. हुद्द्याशी याचा काही संबंध नाही बरं का, नाहीतर तुम्हाला वाटायचं कुणी मोठे साहेब असतील. साहेब कसले! मेणाने हात कायम चिकट, शर्टाच्या खिशात चावा तपासायचा निळा कागद, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं सोडून तोंडात बघायची खोड. जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा यांनी 'या, बसा' म्हणायच्या आधी 'खालचे दोन पुढे आलेत तुमचे' असं सांगून टाकलं. लेक आठ दिवस बापाशी बोलली नाही. कवळ्या बनवायच्या लॅबमध्ये ते कामाला होते आणि माणसाच्या वरच्या जबड्याची कवळी बनवत, म्हणून वरचे. खालच्या जबड्याची जे बनवत ते खालचे. झालं, इतकी साधी गोष्ट.

आता जगात सगळीकडे एकच माणूस दोन्ही जबड्यांची कवळी बनवतो. बनवायलाच हवी, शेवटी तोंड एकच असतं की नाही? पण लॅबचे जुने मालक, मोठे सर, यांच्या डोक्यातून काय निघेल याचा नेम नसे. तीस वर्षांपूर्वी हे दोघं एकाच आठवड्यात कामाला लागले आणि काम भराभर उरकावं म्हणून सरांनी वाटणी करून टाकली. तू वरचं कर, तू खालचं कर. दोघांचे हात असे काही बसले की लांबलांबचे डॉक्टर मापं पाठवायला लागले. फक्त इतक्या वर्षांत वरच्यांनी खालची कवळी एकदाही बनवली नव्हती आणि खालच्यांनी वरची. आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटलं नाही.

कामाची पद्धत ठरलेली. डॉक्टरकडून माप यायचं. प्लास्टरबाई त्यात प्लास्टर ओतून जबडा काढायच्या आणि वरचा-खालचा पितळी बिजागरीवर चढवून द्यायच्या. मग वरचे मेणात एकेक दात बसवायचे, लांबून बघायचे, जवळून बघायचे, स्वतःशीच हं म्हणायचे आणि बिजागरी टेबलावरून डावीकडे सरकवायचे. डावीकडे खालचे. ते वरच्या दातांना खालचे दात जुळवून द्यायचे. सरकवलं की वरच्यांचं काम संपलं, पुढे काय होतं ते बघायला ते कधी मान वळवत नसत.

मान न वळवण्याला अलीकडे आणखी एक कारण होतं. अकरा वर्षांपूर्वी एका निवृत्त मुख्याध्यापिकेची कवळी परत आली. बोलताना टक टक वाजते म्हणे. घासून पाठवली, परत आली. पुन्हा पाठवली, पुन्हा परत. तिसऱ्यांदा बाईंनी सोबत चिठ्ठी जोडली होती आणि ती इतकी शुद्ध आणि वळणदार होती की सगळ्यांना फारच लागली. मोठ्या सरांनी दोघांना समोर उभं करून विचारलं, चूक कुणाची? वरचे म्हणाले, खालची उंच झालीय. खालचे म्हणाले, वरचीच उतरलीय. बस्स! तोवर एका डब्यातून जेवणारे, अरे-तुरेतले हे दोन मित्र, एवढ्यावरून त्यांचं बोलणं जे बंद झालं ते झालंच. शाळेतली पोरंसुद्धा दुसऱ्या दिवशी कट्टी सोडतात हो. मोठे सर पुढच्याच वर्षी गेले आणि त्या कवळीचा निकाल लागायचा राहून गेला.

मग सगळी भिस्त प्लास्टरबाईंवर आली. त्या दोघांच्या मध्ये बसायच्या.

"प्लास्टरबाई, त्यांना सांगा, सुळा आत घ्या."

'ते' हाताच्या अंतरावर. तरी बाई वळून म्हणायच्या, "ऐकलं का हो? सुळा आत."

"त्यांना सांगा, सुळा आहे तिथेच बरोबर आहे."

"ऐकलं का? सुळा हलणार नाही."

"मग नजर तपासून घ्या म्हणावं."

निरोप पुढे देताना बाई त्यातला तिखटपणा कमी करायच्या, आणि फारच कंटाळा आला असेल तर थोडा वाढवायच्यासुद्धा. हळूहळू सगळी लॅबच या अबोल्याच्या वळणाने चालायला लागली. चहाच्या किटल्या दोन झाल्या, कारण एकाने ओतून घेतलेल्या किटलीला दुसरा हात लावत नसे. नवीन कुणी कामाला लागलं की पहिल्या दिवशी त्याला सांगायचे, आग विझवायचं नळकांडं तिथे आहे, बाथरूम इथे आहे आणि हे दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. आणि गंमत बघा, एकजण रजेवर गेला की दुसऱ्याला काम उरत नसे. त्यामुळे अकरा वर्षं हे दोघे रजा मात्र एकाच दिवशी घेत आले होते. तारखा अर्थातच प्लास्टरबाई जुळवायच्या.

तर अशी ही लॅब. लांब लाकडी टेबल, भोवती सातजण, हात चालू आणि तोंडंही चालू. आलेला जबडा कुणाचा असेल यावर पैजा लागायच्या. हा गवयाचा, ही बाई नवऱ्याला बोलू देत नसणार, हे आजोबा पानं खाऊन खाऊन इथवर आलेत. खरं काय ते कधीच कळत नसे, पण दिवस मजेत जायचा.

आणि एका सोमवारी मशीन आलं.

मशीन म्हणजे काय, एक स्कॅनर, एक मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर आणि फ्रिजएवढं पांढरं कपाट. स्कॅनरमध्ये माप ठेवायचं, पडद्यावर दात बसवायचे आणि कपाटात रात्रभर कवळी आपोआप कोरून तयार. मोठ्या सरांची लेक, जिला सगळे मॅडम म्हणत, तिने हे सगळं मोठ्या हौसेने आणलं होतं. लांब टेबल गेलं. भिंतीला तोंड करून सहा छोटी टेबलं आली, प्रत्येकावर पडदा. काम पडद्यावर येणार, पडद्यावरूनच जाणार. मोजमाप चुकू नये म्हणून शांतता हवी, शांतता हवी म्हणून कानाला हेडफोन. पंधरा दिवसांत सगळी लॅब गप्प झाली. "चहा?" असं एकजण फोनवर लिहायचा आणि बाकीचे अंगठे पाठवायचे. अहो, वळून 'हो' म्हणायला काय जातं? पण नाही. आधी लॅबमध्ये दोनच माणसं बोलत नव्हती, आता कुणीच कुणाशी बोलेना. वरचे आणि खालचे त्यात उठूनही दिसेनात.

खरं सांगायचं तर सगळंच काही वाईट झालं नाही. प्लास्टरबाईंना स्कॅनर मिळाला. आपल्या नखांचा खरा रंग त्यांना कैक वर्षांनी दिसला आणि त्या दिवसातून चारदा हात पुढे धरून तो न्याहाळत बसायच्या. "मशीनला नावं ठेवू नका हं कुणी," असं त्यांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

वरच्यांनी नावं ठेवली नसती, पण मॅडमनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. निरोप्या म्हणून प्लास्टरबाईही आल्याच.

"मशीनवर वरचं आणि खालचं एकत्रच होतं," मॅडम म्हणाल्या. "त्याला एकच माणूस पुरतो. मला खूप वाईट वाटतंय, पण खुर्ची एकच आहे. कंपनीची ट्रेनर सोमवारपासून येतेय. तीन दिवस दोघं शिका. चौथ्या दिवशी, गुरुवारी, प्रत्येकाने एकेक पूर्ण कवळी पडद्यावर बसवायची. ज्यांची चांगली, ते राहतील. दुसऱ्यांना मी मानाने निरोप देईन."

मानाने निरोप! शेजारी खालचे नुसते चष्मा पुसत राहिले.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. "अहो, मग दुसरीकडे बघा. एवढा हात आहे तुम्हाला."

"कसला हात? अर्ध्या तोंडाचा हात! दुसरीकडे जाऊन काय सांगू, मला फक्त वरचं येतं? नुसती डावी बाही शिवणारा शिंपी कुणी ठेवून घेतं का?"

"मग शिका खालचं."

"या वयात?"

"मग घरी बसा. पण एक आत्ताच सांगते, तुम्ही दिवसभर घरी बसणार असाल तर मी नोकरी शोधीन. माझ्या मैत्रिणींच्या दातांवर बोलणारा माणूस मला चोवीस तास घरात परवडायचा नाही."

ती गमतीने म्हणाली, पण वरच्यांना झोंबलं. कारण ते खरं होतं. त्यांना दुसरं काही येत नव्हतं, दुसरं काही आवडतही नव्हतं. ती खुर्ची त्यांना हवी होती. अगदी हवी होती.

ट्रेनरताई चुणचुणीत होती. तिने पडद्यासमोर दोन खुर्च्या मांडल्या. प्लास्टरबाईंनी मध्ये तिसरी घुसवली. माउस एकच.

"त्यांना सांगा, माउस सोडा आता," वरचे म्हणाले.

"ऐकलं का हो? माउस."

"त्यांना सांगा, माझं झालं नाहीये."

ट्रेनरताईने तिघांकडे आळीपाळीने बघितलं. "यांची भाषा वेगळी आहे का?"

"छे छे," प्लास्टरबाई म्हणाल्या. "भाषा एकच आहे, फक्त एकमेकांशी बोलत नाहीत. तू चालू ठेव. मी आहे."

वरच्यांना पहिल्या दिवशी माउस जमेना. ते तो उचलून हवेत धरायचे आणि बाण हलत नाही म्हणून पडद्यावर वैतागायचे. दुसऱ्या दिवशी मात्र सूर लागला. मशीन आपणहून दात सुचवायचं, सगळे एका उंचीचे, एका रांगेत, पांढरेफटक. "हे दात आहेत की कुंपण?" म्हणत ते एकेक दात कणभर वळवायचे, एखादा मागे ढकलायचे, आणि पडद्यावर खरंखुरं माणूस हसायला लागायचं. ट्रेनरताईने तिच्या फोनवर त्याचे फोटो काढून घेतले. वरच्यांची छाती फुगली. पण पडद्यावर खालचा जबडा आला रे आला की त्यांचा हात आपोआप माउस डावीकडे सरकवायचा. डावीकडे प्लास्टरबाई बसलेल्या. त्या तो पुढे खालच्यांना द्यायच्या. कुणाच्याच हे लक्षात आलं नाही, इतकं ते सवयीचं होतं.

गुरुवार उजाडला. सकाळी वरच्यांची पाळी, दुपारी खालच्यांची. वरच्यांना आलं एका आजोबांचं काम, खालच्यांना दुसऱ्या दवाखान्यातल्या एका आजींचं. ट्रेनरताई बाहेर, प्लास्टरबाई बाहेर, आत, मशीनच्या काचेच्या खोलीत, एकट्यानेच बसायचं. वरच्यांच्या कपाळावर घाम. पण काम काय केलं म्हणता! एकेक दात देखणा. शेवटी त्यांनी 'पूर्ण' वर बाण नेला तर मशीनने विचारलं, खालचा जबडा रिकामा आहे, तरी पुढे जायचं?

आता तीस वर्षं वरच्यांसमोर खालचा जबडा रिकामाच तर असायचा. यात विचारण्यासारखं काय आहे? त्यांनी ऐटीत 'हो' दाबलं आणि शीळ घालत बाहेर आले. दुपारी खालचे आत गेले. मशीनने त्यांनाही विचारलं, वरचा जबडा रिकामा आहे, पुढे जायचं? आता त्यांनी काय दाबलं असेल ते वेगळं सांगायला नको.

शुक्रवारी सकाळी मॅडमनी सगळ्यांसमोर कपाट उघडलं. दोन ट्रे. एकात आजोबांची वरची कवळी, एकटीच. दुसऱ्यात आजींची खालची कवळी, एकटीच. प्लास्टरबाईंनी दोन्ही हातात घेऊन जुळतात का बघितलं.

"हे आजोबा आणि या आजी. आता यांचं लग्न लावून द्यायचं का?"

सगळी लॅब हसली. मॅडम तर टेबलाला धरून डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग त्यांना कळलं की यात हसण्यासारखं काही नाही, आणि त्या तापल्या.

"उद्या सकाळी दहा वाजता दोन दवाखान्यांत दोन माणसं अर्ध्या तोंडाने बसणार आहेत! मोठ्या सरांच्या वेळेपासून आपलं काम एकदाही उशिरा गेलेलं नाही. आता ऐका. आज चार वाजेपर्यंत दोन्ही कवळ्या पूर्ण करून मशीनला लावायच्या. आणि कुणी राहायचं आणि कुणी जायचं ते मी ठरवणार नाही, तुम्ही दोघं ठरवा. एकमेकांशी बोलून ठरवा. प्लास्टरबाई, तुम्ही माझ्याबरोबर केबिनमध्ये चला."

"मी? अहो पण मग यांचं..."

"चला म्हणते ना."

प्लास्टरबाई निघाल्या, पण जाताना त्यांनी असं वळून बघितलं की जणू दोन लहान मुलांना पेटत्या शेगडीपाशी सोडून चालल्यात. काचेचं दार बंद झालं. आत दोन माणसं, एक पडदा, एक माउस.

आधी आजींची कवळी. खालचे दात खालच्यांनी बसवलेलेच होते, वरचे बसवायचे होते. वरच्यांनी माउस घेतला आणि पहिल्याच दाताला अडखळले. कारण आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याआधी खालचा जबडा तयार होता. आपल्या मनासारखा दात बसवावा तर खाली तो टेकेना. खाली टेकवावा तर मनासारखा दिसेना. एक जुळवावा तर दुसरा हटून बसायचा. अर्धा तास झाला. वरच्यांच्या मनात आलं, इतकी वर्षं आपण हवं तसं बसवलं आणि डावीकडे सरकवलं. हे असलं सगळं तिकडे चालायचं होय? त्यांनी मागची दाढ जरा खाली ओढली.

"थांबा."

वरचे दचकले. तो आवाज रोजच कानावर पडायचा, पण आज तो मध्ये कुठे न वळता सरळ आला होता.

"घासेल ती," खालचे म्हणाले.

"मला म्हणताय?"

"इथे दुसरं कोण आहे?"

वरच्यांनी खरोखरच एकदा इकडेतिकडे बघून घेतलं. मग दाढ कणभर वर नेली. टेकली. बरोबर टेकली.

"असंच करायचात तुम्ही," खालचे म्हणाले. आता सुरुवात झालीच होती, तर थांबायचं कशाला? "दाढ ठोकायची आणि मोकळं व्हायचं. मग खालच्याने बसावं झक मारत जुळवत."

"मग तेव्हाच सांगायचं होतंस!"

"तू बोलत होतास का?"

"तू बोलत होतास का?"

"त्या मुख्याध्यापिकेची कवळी तुझ्यामुळे तीनदा आली परत!"

"माझ्यामुळे? खालची उंच होती!"

"वरची उतरली होती! निळा कागद लावून बघितला होता मी!"

"मीही बघितला होता!"

अहो, अकरा वर्षांचा माल साठलेला. काय काय निघालं! कुणी कुणाचा चिमटा नेला होता, कुणाच्या किटलीत कुणी मुद्दाम साखर जास्त टाकली होती, मोठ्या सरांच्या शोकसभेतल्या भाषणात कुणी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. आवाज काचेतून बाहेर गेला. बाहेर भिंतीला तोंड करून बसलेल्या माणसांनी एकेक करून हेडफोन काढले आणि खुर्च्या वळवल्या. कुणीतरी चहा आणला आणि तो कुणाला अंगठा न पाठवता हातोहात वाटला. केबिनमध्ये प्लास्टरबाई उठून उभ्या राहिल्या, मॅडमनी त्यांना हात धरून खाली बसवलं.

"बघा तरी," बाई फुरंगटून म्हणाल्या. "इतकं येत होतं बोलता, तर अकरा वर्षं माझा घसा कशाला कोरडा केला?"

आत भांडता भांडता आजींची कवळी पूर्ण झाली होती. मग आजोबांची. आता खालच्यांनी माउस घेतला. ते सरावाने भराभर बसवत होते, पण प्रत्येक दाताला पुढे वाकत होते, इतके की नाक पडद्याला टेकायचं. वरच्यांचं बोलणं तुटलं.

"दिसत नाही का तुला?"

"दिसतं. कमी दिसतं."

"कधीपासून?"

"झाली दोन वर्षं. डाव्याने नुसता उजेड कळतो. डॉक्टर म्हणाला, बारीक काम सोडा."

नजर तपासून घ्या म्हणावं, नजर तपासून घ्या म्हणावं, असे किती निरोप वरच्यांनी या दोन वर्षांत धाडले होते, नुसता टोमणा म्हणून! त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी पडद्यावरचं चित्र मोठं करून दिलं. खालच्यांनी पुढची दाढ बसवली.

साडेतीनला दोन्ही कवळ्या मशीनला लागल्या. कपाट घुं घुं करायला लागलं. आता उरला तो एकच प्रश्न. वरच्यांनी सकाळपासून मनातल्या मनात त्यावर भाषण जुळवलं होतं, आपला अनुभव, आपली घरची परिस्थिती, ट्रेनरताईने काढलेले फोटो. त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"हे बघ," ते म्हणाले. "मला ती खुर्ची हवीय. सरळ सांगतो."

"मग घे की."

"घे की म्हणजे?"

"म्हणजे घे. मी जातोय. लेक बोलावतेय केव्हाची, नात आहे तिथे. राजीनामा लिहून ठेवलाय खणात."

"कधी लिहिलास?"

"डोळ्यांचं कळलं तेव्हाच. दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं!" वरचे उठूनच उभे राहिले. "आणि मी इथे जीव मुठीत धरून माउस शिकतोय! मग गेला का नाहीस?"

खालच्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तुला सांगितल्याशिवाय कसा जाणार?"

"मग सांगायचं!"

"कसं सांगू? बोलणं होतं का आपलं?"

"प्लास्टरबाईंना सांगायचं, त्यांनी मला..."

"हे त्यांच्याकडून सांगायचं होय रे?" खालचे म्हणाले. "हे काय सुळा आत घ्या म्हणण्यातलं आहे?"

वरचे खाली बसले. खुर्ची मिळाली होती. हवी होती तीच, तिच्यावरच ते बसले होते. तरी त्यांचे डोळे भरले, आणि मग त्यांना या माणसाचा असा राग आला, असा राग आला की त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. दोन वर्षं हा माणूस एका डोळ्याने दाढा जुळवत शेजारी बसला होता. कशासाठी? तर यांनी एकदा मान वळवावी म्हणून. आणि यांनी वळवली नाही.

"गाढव आहेस," ते म्हणाले.

"तू काय कमी आहेस?"

चारला काचेचं दार उघडलं. मॅडम आत आल्या, त्यांच्या मागून मान उंचावत प्लास्टरबाई.

"ठरलं?"

"ठरलं," वरचे म्हणाले. "मी राहतो. हा जातोय, लेकीकडे."

"बरं झालं बाई, आपसात मिटलं. मग यांना उद्यापासूनच मोकळं करते, म्हणजे..."

"उद्यापासून नाही." वरच्यांनी मध्येच तोडलं. मॅडमना असं मध्ये तोडायची त्यांची ही पहिलीच वेळ. "महिनाभर त्याला सोडू नका."

"महिनाभर? कशाला? तुम्हाला खालचं शिकायचं राहिलंय का अजून?"

"शिकायचं नाही हो, मॅडम," वरचे म्हणाले. "बोलायचं राहिलंय."

मॅडमनी वरच्यांकडे बघितलं, मग खालच्यांकडे. मग त्यांनी कोपऱ्यातली प्लास्टरबाईंची खुर्ची उचलून बाहेर ठेवली आणि महिना दिला. त्या महिन्यात दोघांनी जेवणाची सुट्टीसुद्धा वाया घालवली नाही, पण तो पुरला नाही.